जत्रेचं मैदान की बाजाराचं?

खानदेशचा स्वतःचा व्यावसायिक फुटबॉल संघ असावा, हा विषय निघाला की चर्चा फार लवकर दोन वाक्यांवर येऊन अडते. पहिलं वाक्य : ‘बायपासला वीस-पंचवीस एकर घ्या, पार्किंगची कटकटच नको.’ दुसरं : ‘जळगावलाच का? धुळ्यानं काय घोडं मारलंय?’ पहिल्या वाक्यात मैदान एकरांत मोजलं जातं, दुसऱ्यात अस्मितेत. सामना संपल्यावर अमळनेरचा, पाचोऱ्याचा, वरणगावचा माणूस रात्री घरी कसा पोचणार, हे दोन्ही बाजूंपैकी कुणीच विचारत नाही. आणि घरच्या मैदानाची जागा ठरवायची असेल तर सगळ्यात आधी विचारायला हवं ते नेमकं हेच.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. मैदान जळगाव शहरात, रेल्वे स्टेशनपासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या आत असावं. ते दहा हजार आसनांचं असावं आणि फक्त फुटबॉलसाठी, आयताकृती बांधलेलं असावं. पाळधी-तरसोद बाह्यवळणावर नको, गिरणेपलीकडच्या माळावर नको, आणि धावपट्टीच्या किंवा क्रिकेटच्या गोलात कोंबलेलंही नको. आपल्याकडे माणसं मोठ्या संख्येनं एकत्र येण्याच्या दोन जुन्या रीती आहेत : जत्रा आणि आठवडेबाजार. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, मुक्ताईच्या यात्रेला दिंड्या येतात. वर्षातून एकदा जायचं असतं, म्हणून माणूस गर्दी सोसतो, धूळ सोसतो, रात्र उघड्यावर काढतो. आठवडेबाजाराला मात्र कुणी एवढं सोसणार नाही. म्हणूनच तो नेहमी चार रस्ते मिळतात तिथे, एसटी थांबते तिथे, गावाच्या पोटात भरतो. व्यावसायिक संघाचे घरचे सामने एका मोसमात बाराच्या आसपास असतात. मोसम चालू असताना दर दोन-तीन आठवड्यांनी एक सामना. हा ताल बाजाराचा आहे. जागा मात्र आपण जत्रेची शोधत बसलो आहोत.

‘खानदेशातली माणसं हौशी, कुठेही येतील’ असं यावर म्हटलं जातं, आणि त्याला इतिहासाचा दाखलाही आहे. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन फैजपूरला झालं. पंडित नेहरू अध्यक्ष होते, मंडपाची रचना नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या सामानातून केली होती, आणि माणसं बैलगाड्या जुंपून, पायी चालत आली. या गोष्टीचा अभिमान बाळगावा तेवढा थोडा. पण त्यातून स्टेडियमसाठी धडा कोणता निघतो? तो मंडप उभारला तोच पुढे मोडायचा म्हणून. एकदा जमायचं, आयुष्यभर आठवण ठेवायची, अशी ती गर्दी होती. त्याच माणसांना पुढची दहा वर्षं, वर्षातून बारा वेळा, तिकीट काढून फैजपूरला या असं सांगितलं असतं तर किती आली असती? काँक्रीटचं बांधकाम उभं करताना हिशेब त्या दुसऱ्या गर्दीचा करावा लागतो.

गावाबाहेरच्या मैदानांचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. नागपूरचं क्रिकेट २००८ मध्ये सिव्हिल लाइन्समधून वर्धा रोडवर जामठ्याला गेलं. पुण्याचं २०१२ मध्ये स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियममधून द्रुतगती महामार्गालगत गहुंज्याला. दोन्ही मैदानं बांधणीनं उत्तम आहेत. तरीही मोठा सामना संपला की त्या रस्त्यांवर वाहनांची जी रांग लागते तिच्याबद्दल नागपूरकर आणि पुणेकर वर्षानुवर्षं बोलतायत. तरी त्यांचं भागतं, कारण आंतरराष्ट्रीय सामना तिथे वर्षातून दोन-तीनदा येतो. ती जत्राच आहे. फुटबॉलच्या घरच्या संघाला तेवढ्यावर जगता येत नाही. त्याला महिन्याच्या एखाद्या साध्या शनिवारी, तळाच्या संघाविरुद्ध, पाऊस भुरभुरत असतानाही पाच हजार माणसं लागतात. महाराष्ट्रात अशी गर्दी वर्षानुवर्षं कुठे होते? कोल्हापूरला, राजर्षी शाहू स्टेडियमवर. तिथे आकर्षण ना परदेशी खेळाडूंचं, ना टीव्हीच्या झगमगाटाचं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ खेळतात आणि त्यांचा प्रेक्षक पेठेतल्या घरून चालत निघून मैदानावर येतो. फुटबॉल कोल्हापूरच्या रक्तात आहे असं आपण म्हणतो. ते खरंच आहे, पण ते मैदान पेठांच्या कुशीत नसतं तर हे वेड असं टिकलं असतं का, याचाही विचार करावा.

बाहेर जरा पाहिलं तर हाच धडा शंभर वर्षांपूर्वी गिरवलेला दिसतो. आर्सेनल हा संघ मुळात लंडनच्या आग्नेयेकडच्या वूलिचचा, तिथल्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांचा. मैदान लंडनच्या गाभ्यापासून लांब, प्रेक्षक रोडावलेला, संघ दिवाळखोरीच्या काठावर. १९१३ मध्ये मालकांनी मैदान थेट उत्तर लंडनला हायबरीला नेलं, आणि ती जागा पसंत पडण्याचं एक मोठं कारण होतं शेजारचं गिलेस्पी रोड हे भुयारी रेल्वेचं स्टेशन. पुढे १९३२ मध्ये त्या स्टेशनलाच संघाचं नाव मिळालं. २००६ मध्ये साठ हजारांचं नवं मैदान बांधताना संघानं जुन्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरवरची जागा धरली, गावाबाहेरचं शेत पाहिलं नाही. उलट्या बाजूचं उदाहरण डार्लिंग्टनचं. साधारण लाखभर वस्तीचं गाव, म्हणजे आपल्या नंदुरबारएवढं. मैदान गावाच्या मध्याजवळ होतं. ते सोडून २००३ मध्ये संघ गावाच्या कडेला २५ हजार आसनांच्या मैदानात गेला. रस्ते झेपणार नाहीत म्हणून परवानगीच दहा हजार प्रेक्षकांची मिळाली, आणि प्रत्यक्षात यायची दोनेक हजार माणसं. त्याच वर्षाच्या अखेरीस संघ कर्जाच्या कचाट्यात सापडला आणि २०१२ मध्ये त्याला ते मैदान सोडावं लागलं. अमेरिकेत शिकागोच्या संघानं २००६ मध्ये ब्रिजव्ह्यू या उपनगरात घर केलं. मैदानाचं कर्ज त्या छोट्या गावाच्या डोक्यावर बसलं, प्रेक्षक शहरातून तिकडे जाईना, आणि २०२० मध्ये करार मोडण्यासाठी कोट्यवधी डॉलर मोजून संघ शहराच्या मध्यावर परतला. कोलंबसचा संघही १९९९ मध्ये शहराच्या मध्यापासून लांब जत्रेच्या मैदानाशेजारी वसला होता, शब्दशः जत्रेच्या. २०२१ मध्ये तोही शहराच्या मध्यात आला.

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. गावाबाहेरचं म्हणजे वाईट आणि गावातलं म्हणजे चांगलं, इतकं हे सरळ नाही. इटलीतल्या तुरीनचं देल्ले आल्पी मैदान शहराच्या कडेला होतं, ६९ हजारांचं, १९९० च्या विश्वचषकासाठी बांधलेलं. युव्हेंटससारख्या बलाढ्य संघाच्या तिथल्या एका चषक सामन्याला अवघी २३७ माणसं हजर होती. पण ते पाडून त्याच जागेवर ४१ हजारांचं नवं मैदान २०११ मध्ये उभं राहिलं आणि ते भरू लागलं. जागा तीच राहिली. बदलला तो आकार, आणि खेळ व प्रेक्षक यांच्यामध्ये असलेली धावपट्टी गेली. म्हणून जागेची चर्चा आकाराच्या चर्चेपासून तोडता येत नाही. शिवाय शहरात जागा मिळवायची असेल तर मैदान आटोपशीर असणं ही पहिली अट आहे.

धावपट्टीचं गणित एकदा नीट मांडू, कारण ‘एकाच मैदानात सगळे खेळ’ हा आपल्याकडचा सरकारी मोह फार जुना आहे. फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटर. चारशे मीटरची आठ लेनची धावपट्टी त्याभोवती टाकली की सगळं मिळून सुमारे १७७ बाय ९३ मीटर होतं. बाजूच्या प्रेक्षकाला बारा मीटरचं अंतर पडतं, ते एकवेळ चालेल. पण गोलच्या मागे बसणारा, म्हणजे सगळ्यात जास्त ओरडणारा आणि सगळ्यात स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक, गोलरेषेपासून ३६ मीटर मागे फेकला जातो, आणि तीही पहिली रांग. कॉर्नरवरून आलेला चेंडू त्याला चेंडू म्हणून दिसतो, खेळाडूचा चेहरा दिसत नाही. क्रिकेटच्या दीडशे मीटर व्यासाच्या गोलात फुटबॉल आखला तर बाजूचा प्रेक्षकही चाळीस मीटरवर जातो. याला विरोध करताना ‘धावपटूंनी कुठे जायचं?’ असं विचारलं जातं, आणि तो प्रश्न अगदी रास्त आहे. खानदेशात पहाटे पाच वाजता कोणत्याही तालुक्याच्या मैदानावर जा, पोलीस भरती आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुलंमुली धावताना दिसतील. त्यांची धावपट्टी हिसकावून व्यावसायिक संघाला द्यावी असं मी म्हणत नाही. जिल्हा क्रीडा संकुलं त्यांचीच राहू द्या. म्हणूनच तर संघाचं मैदान वेगळं आणि लहान हवं.

लहान म्हणजे किती? आसनाची रुंदी ५० सेंटिमीटर, रांगेची खोली ८० सेंटिमीटर धरा. मधल्या वाटा सोडून मैदानाच्या लांब बाजूला एका रांगेत १९० माणसं बसतात, आखूड बाजूला १२०. चारही बाजू मिळून एका रांगेत ६२०. अशा सोळा रांगांत दहा हजार माणसं बसतात, आणि शेवटच्या रांगेतला माणूसही बाजूच्या रेषेपासून वीस मीटरच्या आत असतो. मागच्या वाटा, स्वच्छतागृहं, खेळाडूंच्या खोल्या धरून हे सगळं १५५ बाय ११८ मीटरमध्ये, म्हणजे साडेचार एकरांत मावतं. बाहेर माणसं जमायला मोकळी जागा धरली तर सात एकर. मग वीस-पंचवीस एकर कशासाठी लागतात? वाहनांसाठी. बायपासला दहा हजार माणसं आणायची तर तीन हजार चारचाकीनं येतील, एका गाडीत तिघं धरले तर हजार गाड्या. फिरायच्या जागेसकट एका गाडीला २५ चौरस मीटर लागतात, म्हणजे सहा एकर फक्त गाड्यांना. सहा हजार माणसं मोटरसायकलवर आली तर तीन हजार दुचाक्या, त्यांना आणखी जवळपास दोन एकर. म्हणजे खेळाच्या मैदानापेक्षा जवळपास दुप्पट जागा वाहनतळाला, आणि वर्षातले साडेतीनशे दिवस त्या आठ एकरांवर काहीच नाही. तेवढ्या जमिनीवर केळीची बारा हजारांहून अधिक खोडं उभी राहतात.

आणि एवढं करून कटकट टळते का? फाटकातून पाच सेकंदाला एक गाडी बाहेर पडली तरी तासाला ७२०. हजार गाड्यांना एका फाटकातून जवळपास दीड तास लागेल, मध्ये घुसणाऱ्या दुचाक्या सोडून. बाहेर पडल्यावर समोर राष्ट्रीय महामार्ग, कंटेनर आणि ट्रक. ज्याच्याकडे वाहन नाही तो काय करणार? रात्री साडेनऊला सामना संपलाय, आईबरोबर आलेली आठवीतली मुलगी बायपासच्या कडेला उभी आहे, दिवा नाही, पदपथ नाही, शेअर रिक्षा आधीच भरून गेली आहे. त्या दोघी पुढच्या सामन्याला येतील? महामार्गाच्या कडेनं चालणं म्हणजे काय हे जळगावकरांना कुणी शिकवायला नको. शहरातून जाणाऱ्या महामार्गावर जीव गेले, तेव्हा समांतर रस्त्यांसाठी याच गावानं आंदोलनं केली. त्याच रस्त्याच्या पुढच्या आवृत्तीवर दहा हजार माणसं पायी उतरवणं हा तो धडा विसरणं आहे.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा : शहरात सात एकर आहेत कुठे, आणि असले तर परवडतील कसे? हा मुद्दा टोलवून लावण्यासारखा नाही. बायपासच्या एकराला जो भाव आहे त्याच्या कितीतरी पट भाव स्टेशनजवळ आहे. सभा, प्रदर्शनं, सर्कस, गणपती-नवरात्र ज्यावर होतात ती मोकळी सार्वजनिक मैदानं तर मुळीच बळकावू नयेत. त्यांना भिंत घातली की ती कायमची गेली. पण पर्याय तेवढाच नाही. खानदेशातल्या प्रत्येक जुन्या बाजारपेठेच्या गावात स्टेशनला लागून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. का? कापसाची गाठ बैलगाडीतून उतरवून वॅगनमध्ये चढवायची तर मधलं अंतर जितकं कमी तितका खर्च कमी. जळगावची खानदेश मिल स्टेशनच्या शेजारीच होती, आज तिथे व्यापारी संकुल आहे. त्या काळच्या गिरणीवाल्यांना जमीन शहराबाहेर स्वस्त मिळते हे कळत नव्हतं असं नाही. जमिनीचा भाव एकदाच भरावा लागतो, वाहतुकीचा खर्च मात्र दर वर्षी नव्यानं, हे त्यांना कळत होतं. प्रेक्षकाच्या बाबतीत हिशेब तोच आहे, फक्त तो खर्च प्रेक्षक स्वतःच्या खिशातून आणि वेळेतून भरतो, म्हणून संघाच्या जमाखर्चात दिसत नाही. दिसतो तो रिकाम्या खुर्च्यांमध्ये.

म्हणून पहिलं काम साधं आहे. स्टेशनभोवती दीड किलोमीटरचं वर्तुळ काढायचं आणि त्यातले १५५ बाय ११८ मीटरचा आयत बसेल असे सगळे तुकडे नोंदवायचे : बंद कारखाने, जुनी गोदामं, वापरात नसलेले मालधक्के, सरकारी खात्यांच्या अर्धवट पडीक वसाहती. सात एकर सलग नाही मिळाले तर साडेचार मिळतात का, आणि बाहेरची मोकळी जागा रस्त्यातूनच सामन्याच्या दिवशी तीन तास वाहनबंदी करून मिळवता येते का, हे पाहायचं. खाजगी मालक असेल तर रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क (म्हणजे इथली बांधकामाची मुभा दुसरीकडे वापरण्याचा किंवा विकण्याचा हक्क) किंवा शहराच्या कडेला जमिनीची अदलाबदल, हे मार्ग कायद्यात आहेत. रस्त्याकडच्या बाजूला स्टँडखाली दुकानांचे गाळे काढले तर वर्षभर भाडं येतं. पण इथे एक सावधगिरी हवी, कारण गाळ्यांनी आपल्याकडची अनेक स्टेडियमं खाल्ली आहेत. आधी गाळे आखले जातात, मग उरलेल्या फटीत दारं काढली जातात, आणि पुढे दुकानदाराचा माल त्या दारापर्यंत येतो. क्रम उलटा हवा. दहा हजार माणसं आठ मिनिटांत बाहेर पडली पाहिजेत. जिन्यावरून एका मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ६६ माणसं उतरतात. म्हणजे एकूण १९ मीटर रुंदीचे जिने, अडीच-अडीच मीटरची आठ दारं, आणि त्यांच्यासमोर कायमची मोकळी जागा. हे नकाशावर पक्कं झाल्यावर जे उरेल ते गाळ्यांना.

शेजाऱ्यांचा त्रास हा दुसरा रास्त आक्षेप. स्टेशन परिसरात दवाखाने आहेत, वस्ती दाट आहे, रस्ते आधीच तुंबलेले आहेत. रुग्णालयाच्या भिंतीला भिंत लागेल अशी जागा यादीतून आधीच काढून टाकावी, त्यात तडजोड नको. बाकी त्रास बारा संध्याकाळींचा आहे, आणि माणूस चालत आला तर तो बराच कमी होतो. रस्ता गाडीनं तुंबतो. एका गाडीची जागा रस्त्यावर आठ-दहा पायी माणसांना पुरते. वाहनतळ जाणूनबुजून मोजकाच ठेवावा, अपंग प्रेक्षक, संघांच्या बस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन यांच्यापुरता. भरपूर वाहनतळ बांधला की लोक वाहन काढतातच.

जमिनीखालचं एक सत्य दोन्ही जागांना सारखं लागू आहे, पण त्याचा खर्च अंदाजपत्रकात हमखास विसरला जातो. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात इतकी आकसते की भेगेत हात जातो. अशा मातीवर उथळ पाया घातला तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी पायऱ्यांचे सांधे उघडतात, भिंतीला तिरकी चीर पडते. तळाशी फुगीर कंद असलेले अंडर-रीम्ड पाइल कोरड्या-ओल्याच्या फेऱ्याखाली स्थिर थरात न्यावे लागतात, किंवा काळी माती पूर्ण काढून मुरूम दाबून भरावा लागतो. कुठलाही तुकडा पक्का करण्याआधी चार कोपऱ्यांत आणि मध्ये बोअर घेऊन काळीचा थर किती खोल आहे ते पाहिलं पाहिजे. मैदानाच्या गवताखालीही हीच माती शत्रू ठरते, कारण ती पाणी सोडत नाही. ती उकरून, वर जाळीदार कापड अंथरून, त्यावर निचऱ्याच्या नळ्या, दहा सेंटिमीटर खडी आणि त्यावर पंचवीस-तीस सेंटिमीटर वाळूप्रधान थर, असं करावं लागतं. कापड विसरलं की दोन पावसाळ्यांत काळी माती वर चढून खडी बुजवते आणि गोलसमोर डबकं साचतं. गवत मात्र आपलंच. जगभरच्या उष्ण प्रदेशांतली मैदानं ज्या बर्म्युडा गवतावर चालतात, ते म्हणजे शेतकरी जिच्यामागे खुरपं घेऊन लागतो ती हरळीच, तिचेच निवडलेले वाण. आठ हजार चौरस मीटर हरळीला उन्हाळ्यात दिवसाला पन्नासेक हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजारांचे पाच टँकर. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात पिण्याचं पाणी गवतावर टाकणं लोक सहन करणार नाहीत, आणि करूही नये. प्रक्रिया केलेलं सांडपाणीच वापरावं लागेल, आणि ते शहरात गटारीच्या जवळ मिळतं. माळावर त्यासाठी वेगळी जलवाहिनी न्यावी लागेल.

उरला गावांचा वाद. धुळ्याची बाजू हलकी नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात, सोलापूरचा रस्ताही तिथेच येतो. नुसत्या रस्त्यांचा नकाशा पाहिला तर मध्य धुळ्यालाच पडतो. पण रस्त्याचा मध्य वाहनवाल्याचा असतो. रेल्वेनं धुळे आज चाळीसगावच्या फाट्यावर शेवटचं स्टेशन आहे. मनमाड-इंदूर मार्गाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. तो प्रत्यक्ष धावू लागला तर माझं गणित बदलेल, आणि ते मी बदलेन. भुसावळचा दावा उलट बाजूचा. जंक्शन मोठं, गाड्या भरपूर, रेल्वेची जमीनही आहे. पण २०११ च्या जनगणनेत भुसावळची वस्ती पावणेदोन लाखांच्या थोडी वर, धुळ्याची पावणेचार, जळगावची चार लाख साठ हजार. साध्या सामन्याची निम्मी गर्दी त्याच गावातून, चालत-सायकलनं येते, म्हणून गावाची वस्ती महत्त्वाची. जळगावला मुंबई-हावडा मार्ग आणि सुरतचा तापी खोऱ्याचा मार्ग एकत्र येतात. चाळीसगाव, पाचोरा एका बाजूनं, भुसावळ, सावदा, रावेर, बोदवड दुसऱ्या बाजूनं, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार तिसऱ्या बाजूनं. तीन जिल्ह्यांतल्या एवढ्या गावांना एकाच स्टेशनवर गाडी न बदलता उतरता येतं, असं भुसावळखेरीज दुसरं ठिकाण खानदेशात नाही. धुळेकरांसाठी एसटी आहे, तिची शेवटची फेरी सामन्याच्या दिवशी तासभर मागे सरकवणं हे स्टेडियम बांधण्याच्या मानानं फार छोटं काम आहे. मोसमाआधीचे सराव सामने धुळ्याला आणि नंदुरबारला व्हावेत, आणि मुलांची प्रबोधिनी नंदुरबारलाच असावी असं मला मनापासून वाटतं. सातपुड्यातल्या पोरांच्या पायांत जो दम आहे त्याला जळगावची वाट पाहायला लावू नये.

जागा पक्की करण्यासाठी पहिली बैठक बसेल तेव्हा वास्तुविशारदाच्या रंगीत चित्राआधी टेबलावर दोन कागद हवेत. एक, दीड किलोमीटरच्या वर्तुळातल्या जमिनींची यादी. दुसरा, संध्याकाळी पाच ते रात्री अकरा या वेळेत जळगावहून सुटणाऱ्या प्रत्येक थांबणाऱ्या गाडीचं आणि प्रत्येक एसटीचं वेळापत्रक. डिसेंबरात साडेतीनला सुरू झालेला सामना पाच पंचविसाला, दिवे न लावता संपतो. अमळनेरचा माणूस सहाच्या आत फलाटावर असतो, जाता जाता भरीत-भाकरी खाऊनसुद्धा. टीव्हीवाले साडेसातची वेळ मागतील, कारण जाहिरात रात्री जास्त मिळते. तेव्हा सामना साडेनऊच्या सुमाराला संपेल, आणि त्यानंतर पाचोऱ्याकडे, नंदुरबारकडे, रावेरकडे किती वाजता काय सुटतं, हे त्या दुसऱ्या कागदावर लिहिलेलं असेल. जिथे त्या वेळेनंतर काहीच सुटत नाही, त्या दिशेच्या रकान्यासमोर गाडी लिहून घेतल्याशिवाय करारावर सही होऊ नये.